हिशेब चोख, काटा खोटा : एका शंभर सीसी गाडीच्या अ‍ॅव्हरेजचं प्रकरण

नोव्हेंबरातल्या एका दुपारी एक पिग्मी एजंट आमच्या अंबाजोगाईच्या गॅरेजवर आले. गाडी स्टँडला लावली आणि किल्ली देण्याऐवजी खिशातली डायरी माझ्यापुढं धरली.

"मिस्त्री, बेचाळीस," म्हणाले. "सत्तावन्न द्यायची ही. आता बेचाळीस देऊ लागलीय."

गिऱ्हाईक अ‍ॅव्हरेज सांगतं तेव्हा मी त्यातले पाच-सात मनातल्या मनात वजा करतो. गाडी चांगली होती तेव्हाचा आकडा लोक वाढवून सांगतात आणि बिघडल्यावरचा कमी करून. पण या माणसाचं पोटच आकड्यांवर चालतं. रोज शंभर-सव्वाशे खातेदारांचे वीस-पन्नास रुपये गोळा करायचे, संध्याकाळी पतसंस्थेत पैशाला पैसा लावून भरायचे. पेट्रोल कमिशनमधून, स्वतःच्या खिशातून. त्यामुळं २०१९ पासून त्यांनी प्रत्येक वेळी टाकी भरल्यावर मीटरचा आकडा आणि लिटर लिहून ठेवले होते. दर वेळी गळ्यापर्यंत भरायची, एकाच पंपावर, गाडी मधल्या स्टँडवर उभी करून. अशी नोंद मी तेवीस वर्षांच्या धंद्यात दुसरी पाहिली नाही.

गाडी २०१४ ची. शंभर सीसी, चार गिअर, कार्बोरेटरवाली, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. दिवसाचं धावणं पंचावन्न किलोमीटर. सकाळी लोखंडी सावरगावच्या अंगाची चार गावं, दुपारी घर, संध्याकाळी बाजारपेठेत दुकानोदुकानी. गावाकडची वाट काळ्या रानातून जाते. पावसाळ्यात तिथं चाकाला मातीचा असा चिकटा बसतो की काडीनं खरवडावा लागतो.

माझ्याकडं येण्याआधी गाडीवर अडतीसशे रुपये खर्च झाले होते. एअर फिल्टर नवा, प्लग नवा, चेनसेट नवा आणि सगळ्यात महाग म्हणजे आख्खा कार्बोरेटर नवा. एवढं करून अ‍ॅव्हरेज वाढलं नाहीच, शेवटच्या कामानंतर उलट चार-पाचनं उतरलं. मग त्या मिस्त्रीनं सांगितलं, इंजिन करावं लागंल, बोअर-पिस्टन गेलाय. आठ हजार. तेव्हा हे घाबरून माझ्याकडं.

पेट्रोलच्या पाइपवर एक चुंबकही बांधलेलं होतं. आदल्या वर्षी मार्गशीर्षात योगेश्वरीच्या उत्सवात घेतलेलं, "पेट्रोलचे कण बारीक करतं" म्हणून. मी ते बांधून आणि काढून दोन्ही पद्धतीनं फेरी मारली, फरक शून्य. ते आता आमच्या टेबलावर खिळे-वायसर धरून ठेवायच्या कामी येतं, आणि ते काम मात्र चोख करतं.

संशय दोन होते

भाऊंचा (या एजंटांना मी भाऊच म्हणतो) पहिला संशय पंपावर, दुसरा इथेनॉलवर. दोन्ही रास्त होते म्हणून आधी तेच घेतले.

पंपावर पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप ठेवावं लागतं आणि कुणाही गिऱ्हाइकाला त्यात पेट्रोल मोजून मागता येतं. त्याला पैसे पडत नाहीत. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटर इकडंतिकडं चालतं. आम्ही दोघं सकाळी गर्दी नसताना गेलो, मोजून मागितलं. मॅनेजरनं तोंड जरा वाकडं केलं, पण मोजून दिलं. रेघेवर आलं. पंप सुटला.

इथेनॉलचं प्रकरण एवढं सोपं नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. २० टक्के मिसळलं की लिटरमागं सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. ही बेरीज-वजाबाकी आहे, तिच्यापुढं कुणाचं मत चालत नाही. गाडीच्या अ‍ॅव्हरेजवर नेमका तेवढाच परिणाम दिसेल असं नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरली आहे. शिवाय तुलना साध्या पेट्रोलशी नाही. १० टक्के मिश्रण देशात २०२२ मध्येच झालं होतं, २०२५ पर्यंत ते २० झालं. भाऊंच्या डायरीत २०१९ साली साठ दिसतात आणि २०२४ च्या शेवटी सत्तावन्न. ही तीनची हळूहळू झालेली घट इथेनॉलची असेल, इंजिनाच्या वयाची असेल, दोन्हींची असेल. त्यातलं वेगळं काढायचं साधन माझ्याकडं नाही. पण सत्तावन्नचे बेचाळीस व्हायला इथेनॉलच्या अंगात तेवढा दम नाही.

(इथं एक गंमत. भाऊंचा स्वतःचा दीड एकर ऊस आहे. आपलाच ऊस कारखान्यात जाऊन आपल्याच टाकीत परत येतो आणि वर शिव्या खातो, हे त्यांना मी सांगितलं तर हसले नाहीत.)

बाटलीची फेरी

अ‍ॅव्हरेजची तक्रार आली की माझा पहिला पाना बाटली हाच. टाकीचा कॉक बंद करायचा, कार्बोरेटरचा पाइप काढून तो मापाच्या बाटलीला जोडायचा, बाटली हँडलला घट्ट बांधायची. अर्धा लिटर मोजून भरायचं, ठरलेलं अंतर जाऊन यायचं आणि उरलेलं मोजायचं. पूर्वी आमच्या गावात सलाईनच्या रिकाम्या बाटल्या वापरत. मेडिकल कॉलेज इथंच असल्यानं त्यांना तोटा नव्हता. पण सलाईनची नळी पेट्रोलनं कडक होऊन तडकते आणि खाली तापलेलं इंजिन असतं. मी पेट्रोलचाच पाइप वापरतो, दोन्ही टोकांना क्लिप लावतो आणि चालू गाडीत बाटली कधीच भरत नाही. ज्याला हे जमत नाही त्यानं भाऊंसारखी गळ्यापर्यंत टाकी भरून चार-पाच वेळची सरासरी काढावी, तीही खोटी नसते.

फेरी लातूर रस्त्यावर घेतो. परळीकडं गेलं की बालाघाटाचा घाट उतरावा लागतो, जाताना गाडी फुकटात पळते आणि येताना तिप्पट पिते. लातूरच्या अंगाला रस्ता त्या मानानं सपाट. तरी जाऊन-येऊनच मोजायचं, म्हणजे वारा आणि चढ एकमेकांत मिटतात.

पहिल्या फेरीत मीच चुकलो. भाऊंच्याच मीटरवर दहा किलोमीटर झाले की वळायचं ठरवलं. जाताना माझ्या ओळखीचा धाबा लागला, आमच्या गॅरेजपासून बरोबर दहावर असलेला. मीटरवर नऊच्या थोडं पुढं होतं. मला वाटलं, आपण निघताना आकडा नीट वाचला नसेल. तसाच पुढं गेलो, दहा झाल्यावर वळलो. परत आल्यावर बाटलीतून ४४५ मिलिलिटर गेलेलं. वीसला ४४५, म्हणजे पंचेचाळीस. डायरीत बेचाळीस, आणि बाजारातलं थांबत-थांबत चालणं धरलं तर जुळत होतं. म्हणजे गाडी खरंच पितेय, असं म्हणून मी पाने काढायला बसलो होतो.

रात्री डायरी घरी नेली होती. जेवण झाल्यावर चाळत बसलो.

पायरी आणि उतार

डायरीतले आकडे एका कागदावर महिन्याप्रमाणं मांडले तेव्हा घसरण एकसारखी दिसेना. जानेवारी २०२५ मध्ये सत्तावन्न. फेब्रुवारीत धाडकन बावन्न, कधी एक्कावन्न. मार्च, एप्रिल, मे महिन्यांत तिथंच. मग पावसाळ्यात हळूहळू पन्नास, एकोणपन्नास, सत्तेचाळीस. सप्टेंबरात पुन्हा एकदम बेचाळीस, आणि तिथून आजवर तेच.

इंजिन म्हातारं होतं ते उतारानं. रिंग झिजते, व्हॉल्व्हची बैठक जाते, चेन ताणते, हे सगळं महिन्या-महिन्यानं आकड्यात उतरतं. एका टाकीच्या अंतरानं पाच किलोमीटर पडले तर काहीतरी झिजलेलं नाही, काहीतरी बदललेलं आहे. भाग बदललाय, पेट्रोल बदललंय, रस्ता बदललाय किंवा मापणं बदललंय. भाऊंच्या डायरीत दोन पायऱ्या होत्या आणि मधे एक उतार. म्हणजे कारणं निदान तीन.

बोअर-पिस्टनची शंका मला तिथंच गेली. तरी सकाळी खात्री केली. किकला दाब चांगला, सायलेन्सरला निळा धूर नाही, ऑइल काठीवर जिथल्या तिथं. परळीच्या घाटात तिसऱ्या गिअरवर चढवून पाहिली, रेस वाढली तशी गाडीही ओढत होती, म्हणजे क्लचही सरकत नव्हता. आठ हजारांचं काम तिथंच बाद.

सप्टेंबरची पायरी कार्बोरेटरची, हे सांगायला डायरी नको होती. पण फेब्रुवारी?

"भाऊ, फेब्रुवारीत गाडीचं काय केलं होतं?"

"काहीच नाही." मग जरा आठवून, "पडलो होतो की. सावरगावच्या वळणावर वाळूवरून घसरली. गाडीला काही झालं नाही. मीटर फुटलं तेवढं. जुन्या सामानातून दुसरं आणून बसवलं."

मला नऊ किलोमीटरवर लागलेला धाबा आठवला.

मग शहाण्यासारखं केलं. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडापासून निघालो, दहावा दगड आला की वळलो, पुन्हा पहिल्या दगडाशी. मागून आमचा पोऱ्या माझ्या गाडीवर. दगडांप्रमाणं वीस. माझ्या गाडीच्या मीटरवर वीसच्या जरा पुढं. भाऊंच्या मीटरवर १८.२.

या गाड्यांत पुढच्या चाकातून एक केबल फिरत वर येते आणि मीटरच्या आतली चाकं त्या केबलच्या फेऱ्या मोजतात. किलोमीटरला किती फेऱ्या, हे मीटर आणि चाक यांचं आपसातलं ठरलेलं असतं. वेगळ्या मॉडेलचं मीटर दिसायला सारखं असतं, केबल त्यात बसते, काटाही हलतो, पण त्याचं गणित दुसऱ्या चाकाचं असतं. हे मीटर शंभर किलोमीटरला एक्क्याण्णव मोजत होतं. सत्तावन्नचे एक्क्याण्णव टक्के काढा, बावन्नच्या जवळ येतात. फेब्रुवारीची आख्खी पायरी तिथं संपली. त्या महिन्यात गाडी पेट्रोल जास्त पितच नव्हती.

मी हे चटकन ओळखायला हवं होतं, पण एक अडसर होता. कंपन्या मीटरचा काटा मुद्दाम जरा पुढं दाखवणारा ठेवतात, खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये म्हणून. त्यामुळं मीटर चुकलं तर जास्तच दाखवणार, ही सवय डोक्यात बसलेली. कमी दाखवणारं मीटर माझ्या हातात क्वचित आलंय.

आता पहिल्या फेरीचा हिशेब नव्यानं केला. मीटरचे वीस म्हणजे खरे बावीस. बावीसला ४४५, म्हणजे साडेएकोणपन्नास. वीस किलोमीटरला ४०५ मिलिलिटर पडतं. दगडांवरून दोनदा फेरी घेऊन पाहिली, दोन्ही वेळा त्याच्या पाच-सात मिलिलिटर अल्याड-पल्याड. तेव्हा एक ठरवून टाकलं : यापुढं कुठल्याही दुरुस्तीनं सात मिलिलिटरपेक्षा कमी फरक पडला तर तो फरक मानायचा नाही. वेग पंचेचाळीस, तोही मोबाइलवर बघून, भाऊंच्या मीटरवर नाही.

भाऊंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पैशाला पैसा लावणारा माणूस, दहा महिने खोट्या काट्यावर तोलत होता. "म्हणजे माझी डायरी खोटी?" डायरी खरी होती, भाऊ. तराजू खोटा होता.

मागचं चाक

उरला उतार आणि दुसरी पायरी. उतारात पहिली हवा. पुढच्या चाकात १६, मागच्यात १९ निघाली. या गाडीच्या स्टिकरवर पुढं २५ आणि एकट्यानं चालवताना मागं २८ लिहिलेलं आहे. एवढी कमी का? तर गावाकडच्या वाटेवर गाडी उडते म्हणून पंक्चरवाल्याला "जरा नरमच ठेव" सांगितलेलं, आणि नंतर तीन महिने बघितलंच नाही. हवा भरून फेरी घेतली, ३९२. तेरा मिलिलिटर फुकटात.

मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन न्यूट्रलमध्ये मागचं चाक हातानं फिरवलं. चांगलं चाक दोन-तीन वेढे घेतं. हे अर्ध्या वेढ्यात थांबलं. फेरीवरून आल्या आल्या ड्रमला हात लावला होता तेव्हाही तो फार वेळ ठेववेना, पुढचा मात्र कोमट होता.

आता चाक जड आहे एवढ्यावरून ब्रेकला दोष देता येत नाही. चेन ताणलेली असेल, बेअरिंग गेलं असेल. ब्रेकच्या रॉडचा नट चार-पाच वेढे ढिला केला आणि पुन्हा फिरवलं. दीड वेढा. म्हणजे मोठा वाटा ब्रेकचा, पण सगळा नाही. चेन बोटानं वर-खाली केली तर जेमतेम एक सेंटिमीटर हलत होती, दोन ते तीन हवी. नवा चेनसेट टाकताना खडखड नको म्हणून कुणीतरी आवळून ठेवला होता. चेन अशी आवळली की गाडी खड्ड्यात दबते तेव्हा ती आणखी ताणते आणि बेअरिंगही खाते.

चाक खोललं. ड्रममध्ये लायनरची, म्हणजे ब्रेक शूवरच्या घासणाऱ्या थराची, भुकटी आणि त्यात मिसळलेली काळी माती, वाळून सिमेंट झालेली. ब्रेक शू फाकवणारा कॅम आपल्या जागेत इतका सुकलेला की पेडल सोडल्यावर स्प्रिंग त्याला पुरता मागं आणू शकत नव्हती. शू ड्रमला सतत घासत होते. लायनर अजून जाड होते, त्यामुळं ब्रेक लागतोय की नाही अशी तक्रार कधी आलीच नाही. ब्रेक उत्तम लागत होता. सुटत नव्हता.

कॅम काढून घासला, ग्रीस लावलं. लायनरवर उडू नये म्हणून अगदी बोटाच्या टोकाएवढं. ड्रम पुसला, चेन ढिली केली. इथं मी माझाच नियम मोडला. एका वेळी एकच बदल करायचा म्हणत होतो आणि ब्रेक, चेन दोन्ही एकदम केलं. चाक उघडलेलंच होतं, पुन्हा कोण खोलणार. त्यामुळं पुढच्या फेरीत आलेल्या ३६२ मध्ये ब्रेकचा वाटा किती आणि चेनचा किती, हे मला सांगता येणार नाही. दोघांचे मिळून तीस.

पावसाळ्यातला तो उतार इथं संपला. भाऊंची एक सवयही यात होती. उजवा पाय पेडलवर नुसता टेकवून ठेवायचा. आधीच न सुटणाऱ्या ब्रेकवर बुटाचं वजन. मी पेडल अर्धा इंच खाली घेतलं, सांगण्यापेक्षा ते बरं.

नवा कार्बोरेटर

प्लग काढला तर टोक काजळीनं काळं, कोरडं, भुसभुशीत. तेलकट काळा असता तर रिंगकडं बघितलं असतं. कोरडी काजळी म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. चहाच्या रंगाचं हवं ते.

आधीच्या मिस्त्रीनं ट्यूनिंग केली नव्हती असं नाही. चार वेळा केली होती. पण बाहेरचा स्क्रू गाडी उभी असताना आणि मूठ जराशी उघडेपर्यंतच चालतो. रस्त्यावर निम्म्या मुठीवर पेट्रोल किती जायचं ते आतली सुई आणि तिची नळी ठरवतात, आणि पूर्ण मूठ पिळली की मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मुख्य भोक. बाहेरचा स्क्रू पिळून रस्त्यावरचं अ‍ॅव्हरेज सुधारायला जाणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. गाडी उभ्या जागी छान गुरगुरते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि चार दिवसांनी परत येतं.

"जुना कार्बोरेटर कुठंय?"

"आहे की घरी. टाकतोय कशाला."

पिग्मीवाल्याच्या घरातून काही बाहेर जात नाही, हे किती बरं. पिशवीत बांधून कपाटात ठेवलेला. दोन्ही शेजारी ठेवून उघडले. नव्याच्या मेन जेटवर कोरलेला आकडा जुन्याहून मोठा, म्हणजे भोक मोठं. सुईचा निमुळतेपणा वेगळा. बाहेरून दोघं जुळे भाऊ. नवा बहुतेक दुसऱ्याच गाडीच्या मापाचा होता, "सगळ्याला बसतो" म्हणून विकला गेलेला. बसतो, यात वादच नाही. मीटरही बसलं होतं.

मग जुना काढला का होता? तो गळायचा, रात्रभरात खाली ओल. वाटीत पांढरट चिकट थर आणि तळाशी पाण्याचे मणी होते. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाला बसतात. टाकी अर्धी रिकामी ठेवून पावसाळ्यात गाडी उघड्यावर उभी केली तर हे लवकर होतं. तो थर तरंगत्या फ्लोटच्या सुईच्या टोकावर बसला होता, त्यामुळं ती भोक पुरतं बंद करत नव्हती. इथेनॉलवरच्या संशयात एवढं तथ्य निघालं खरं. ते फार पीत नव्हतं, घाण करत होतं.

जुना कार्बोरेटर धुतला, भोकं हवेनं मारली. तार कुठंही घातली नाही. जेटमध्ये तार घालणाऱ्याचा हात मी धरतो, कारण भोक केसभर मोठं झालं की ते पुन्हा लहान होत नाही. फ्लोटची सुई आणि तिची बैठक नवी टाकली, फ्लोटची उंची मापली. टाकीचं पेट्रोल उपसून तळ धुतला. सगळं बसवून फेरी : ३३०.

साठच्या वर. पोऱ्यानं दोनदा मोजलं.

त्यानंतर इंजिन थंड करून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, बघितले, पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा जरा घट्ट होता, फिलर गेज घालून बरोबर केला. फेरीत ३२६ आले. चार मिलिलिटर. ठरल्याप्रमाणं मी हा फरक मानत नाही. टॅपेट घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह जळतो म्हणून ते काम करायचंच असतं, अ‍ॅव्हरेजच्या खात्यावर मात्र ते लिहायचं नाही.

खर्च : सुई-बैठक, ग्रीस, नवं मीटर आणि मजुरी. बाराशेच्या आत. यात सर्वांत महाग मीटर, आणि त्याच मॉडेलचं मिळेपर्यंत आठवडा गेला.

पैशाचा हिशेब भाऊंनीच केला, माझ्या टेबलावर, लाल पेनानं. डायरीप्रमाणं त्यांना वाटत होतं की महिन्याला आठ लिटर जादा जातंय. खऱ्या किलोमीटरवर मांडलं तर महिन्याचं धावणं तेराशे नसून चौदाशे तीस निघालं आणि जादा जात होतं पावणेसहा लिटर. लिटरला शंभरच्या वर पैसे मोजताना तेही कमी नाही. पण सव्वादोन लिटर कधी गेलेच नव्हते. फेब्रुवारीपासूनच्या प्रत्येक नोंदीपुढं त्यांनी दहावा हिस्सा वाढवून नवा आकडा लिहिला. मी म्हटलं, आता कशाला? म्हणाले, "खातं जुळल्याशिवाय झोप येत नाही." त्याच बैठकीत त्यांच्या लक्षात आलं की ऑइलही दर दोन हजारला बदलत होतो ते खऱ्या बावीसशेला.

डिसेंबरच्या चार टाक्यांची सरासरी पंचावन्न. नवं मीटर दगडांच्या वीसला २०.२ दाखवतं. सत्तावन्नमधले दोन अजून यायचे आहेत. थंडीत सकाळी चोक लावून गाडी दारात पाच मिनिटं तापवत ठेवतात, ते एक असेल. बाजारातल्या चाळीस दुकानांपुढं इंजिन चालू ठेवून पैसे मोजतात, तेही असेल. भाऊंना सांगितलंय, पटलेलं दिसत नाही.

एक फेरी मी माझ्या हौसेखातर घेतली होती. सगळं झाल्यावर तीच गाडी, तोच रस्ता, वेग मात्र साठ. वीस किलोमीटरला ३८५ गेले. पंचेचाळीसला ३२६ आणि साठला ३८५. अंगावर येणारा वारा वेगाच्या वर्गानं वाढतो म्हणतात ते असं पेट्रोलमध्ये दिसतं. हे भाऊंना दाखवलं, कारण खोट्या मीटरवर पन्नास धरून चालवताना ते खरे पंचावन्नला जात होते.

त्यांनी आकडे वाचले. डायरी मिटून खिशात ठेवली, गाडीला किक मारली, आणि मग जाता जाता म्हणाले, "तरीच. फेब्रुवारीपासून सावरगावहून घरी दोन मिनिटं लवकर पोचायलो होतो. मला वाटलं, रस्ता चांगला केलाय."